अर्धी घोषणा

मार्केट यार्डातल्या हमालांचे मोर्चे मकबूलभाईंनी उभी हयात नुसत्या आवाजावर गाजवले होते. त्यामुळे विश्रांतवाडीत फुटपाथसाठी आंदोलन आहे, असं नात फरहत म्हणताच ते गळ्याला मफलर गुंडाळून, तोंडात खडीसाखर टाकून हजर झाले. पाहतात तो काय, पोरं हातात फलक धरून गप्प उभी, आणि एक पोरगी त्या शांततेचं रील काढतेय.

"नाना, सायलेंट प्रोटेस्ट आहे. प्लीज, ओरडायचं नाही हं," फरहत कुजबुजली.

नाना कसेबसे गप्प राहिले. पण ज्यांच्याकडे फुटपाथ मागायचा, त्या साहेबांची गाडी काचा वर करून समोरून निघाली, तेव्हा त्यांना राहवेना. मूठ उगारून ते गरजले, "कोण म्हणतं देणार नाही?"

पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. पुढची ओळ एकालाही ठाऊक नव्हती. नानांची मूठ तशीच हवेत राहिली.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "घेतल्याशिवाय राहणार नाही!"

नानांनी वळून पाहिलं.



त्यांना मोर्च्यातून उचलून गाडीत कोंबण्यात ज्यांची निम्मी नोकरी गेली होती, ते बंदोबस्तावरचे हवालदार जीभ चावून टोपी सारखी करत होते.