निवेदकाला दहापैकी चार

“‘चिखल एक नंबर. पन उडी मारली का गाडी पतंगावानी तरंगती, खाली यायचं नावच घेत न्हाई.’” समृद्धीने मोबाईलवरचं मत मोठ्याने वाचलं आणि हळूच खाटेकडे पाहिलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. पण कान इकडेच होता, हे तिला त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

मोटोक्रॉसचा हा गेम समृद्धी खेळायची आणि त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायची. व्हिडिओखाली गेम खेळणारी पोरं आपापली मतं लिहायची. मतं कसली, नुसती भांडणं. कुणाच्या मते ब्रेक उशिरा लागतो, कुणाच्या मते वळणावर टायर धरत नाही. ज्यांनी खरी मोटारसायकल कधी डांबरी सोडून खाली उतरवली नव्हती, तेही इंजिनातलं शिकवायचे. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. व्हिडिओत मागून जो निवेदक ओरडतो, तसा माणूस गेम बनवणाऱ्या कंपनीला जन्मात मिळायचा नाही.

तो आवाज अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा होता. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांत अण्णांनी माईक धरला की चहा पिणारी माणसं कप हातात घेऊनच पळत यायची. प्रत्येक गाड्याच्या धावेला, म्हणजे बारीला, ते नवं वाक्य काढायचे. त्याचाच त्यांना तोरा होता. नव्या निवेदकांना ते चारचौघांत सुनावायचे, “येकच वाक्य दोन बाऱ्यांना वापरतो, त्यो निवेदक कसला? त्याच्यापरीस टेप लावा की!”

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गावी, पिंपरी पेंढारला, परत आलेले अण्णा गळ्याभोवती उपरणं गुंडाळून खाटेवर जे बसले, ते बसलेच. घाटाकडे फिरकले नाहीत. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचे. घर इतकं मुकं झालं की आई भांडी मुद्दाम आपटून घासायची.

समृद्धीने काय करावं? गावोगावच्या लोकांकडून जुन्या यात्रांची मोबाईलवरची रेकॉर्डिंग मागून घेतली. हाती लागली ती मोजकीच. त्यातली बैलांची नावं कापली, आरोळ्या तेवढ्या ठेवल्या आणि गेमच्या व्हिडिओंवर चढवल्या. अण्णांना विचारलं नाही. तेवढी हिंमतच झाली नाही. पहिल्यांदा तो आवाज घरात घुमला, तेव्हा अण्णा ताडकन उठून गोठ्यात निघून गेले आणि जेवायलाही आले नाहीत. आपण बापाच्या जखमेवर मीठ चोळलं, म्हणून ती रात्रभर रडली. सगळं काढूनच टाकणार होती. पण दुसऱ्या दिवशी ती मतं वाचायला बसली, तर अण्णा जवळ येऊन बसले. पाठ फिरवून. तेव्हापासून रोज बसत होते. रागाने की आवडीने, ते त्यांनी काही कळू दिलं नाही, आणि पोरीचा जीव तिथेच टांगलेला राहिला.

“ह्यो ओतूरचा सूरज ल्हितोय, ‘काकांना पुढच्या रेसला माझं नाव घ्यायला सांगा की.’” असं कुणी लिहिलं की ती ‘पुढच्या वेळी नक्की’ असं उत्तर टाकून मोकळी व्हायची. आजही तेच टाकलं. मग तिने पुढचं मत उघडलं, मनातच वाचलं आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

अण्णांनी मान वळवली.

“काय न्हाई अण्णा. असंच कायतरी ल्हिलंय कुनीतरी.”

अण्णांनी हात पुढे केला. तो हात खाली जाईना, तेव्हा तिने नाइलाजाने मोबाईल त्यावर ठेवला.

खोडदच्या जानकूने लिहिलं होतं, ‘गेमला दहापैकी सात. निवेदकाला चार. दर येळंला तेच तेच. “धुरळ्याला इचारा कोन गेलं म्हून” हे किती वेळा ऐकायचं राव? भाऊ, कायतरी नवीन बोला, न्हाईतर माईक सोडा.’

अण्णांचा चेहरा पडला. ज्या माणसाने एक वाक्य कधी दोनदा उच्चारलं नाही, त्याला समृद्धीने सगळ्या गावांपुढे तेच तेच बोलायला लावलं होतं.

“अण्णा, मी ही कमेंट उडवते. सगळे व्हिडिओ बी उडवते. चुकलं माझं. तुमाला इचारायला पायजे व्हतं.”

अण्णांनी बोट वर केलं. थांब. मग त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटाने लिहायला लागले. जन्मभर त्यांनी निरोप बोलूनच पाठवलेले, त्यामुळे एकेक अक्षर शोधावं लागत होतं. लिहीत होते, पुसत होते, परत लिहीत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. घाटात कुणी उलटं बोललं तर अण्णा त्याला माईकवरून सोलून काढायचे. आता जानकूची खैर नाही, आणि त्याच्यामागून आपलीही, असं समृद्धीला वाटलं.

अण्णांनी मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिने भीत भीत वाचलं.

‘भाऊ तुमचं बरोबर हाये. पन माझा आवाज गेला. मागं उरला त्यो एवढाच. पोरगी पुरवून पुरवून वापरती.’