सात नंबरचं भांडं

पुण्यात व्हेंटिलेटरची खाट कुठंच नव्हती. चौथ्या हॉस्पिटलनंही नाही म्हटलं, तेव्हा डॉक्टर चैतालीनं फोन ठेवला आणि सात नंबरचा केसपेपर पुन्हा उघडला. अंबाजी, वय अठ्ठावन्न, राहणार औंढे. बीपी नाही, शुगर नाही, दमा नाही. तीन दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी चालत आलेला माणूस. ऑक्सिजन चालू, स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू, तरी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा रोज खालीच येत होता.

"म्याडम."

दारात गंगी उभी होती. लोणावळ्याजवळच्या या मंगल कार्यालयात कोविड सेंटर उघडलं, तेव्हापासून ती इथली झाडलोट करायची, खाटेवरून उठता न येणाऱ्यांची लघवीची भांडी उचलायची. पवनानगरच्या वर डोंगरात तिची वाडी होती. महिनाभर ती घरी गेलेली नव्हती.

"मावशी, आत्ता नको. नंतर."

"सात नंबरच्या भांड्याला मुंग्या लागल्यात."

"पुसून घ्या मग."

"पुसल्या. परत आल्या." गंगी दारातून हलली नाही. "बाकी कुनाच्या भांड्याला न्हाईत. आनि सकाळपासनं पाच बाटल्या पानी प्याले ते. घसा सुकतोय म्हनत्यात."

चैतालीनं मान वर केली. दुसऱ्या लाटेत सगळ्याचीच टंचाई होती. साखर तपासायच्या पट्ट्याही मोजक्याच यायच्या, म्हणून 'साखर आहे' असं जो सांगेल त्याचीच तपासणी व्हायची. अंबाजींनी नाही म्हटलं होतं. ती उठली आणि पट्टी घेऊन हॉलकडे जवळजवळ धावलीच.

अंबाजी तोंडावरच्या मास्कमधून जोरजोरात श्वास घेत होते. सुई पाहून त्यांनी हात मागं ओढला.

"कशापायी? मला न्हाई साखर."

"काका, एक थेंब फक्त."

"न्हाई म्हनलं ना! कुनी सांगितलं तुमाला?"

"मी सांगितलं," चैतालीच्या मागून गंगी म्हणाली.

अंबाजींनी तिच्या हातातल्या बादलीकडं पाहिलं. "तू झाडू मारायचं बग. तुला काय कळतं त्यातलं?"

गंगी रागावली नाही. बादली खाली ठेवून ती खाटेजवळ आली आणि त्यांचा मागं ओढलेला हात तिनं हातमोजा घातलेल्या हातात धरला.

"मला न्हाई कळत, भाऊ. म्हनून तर म्याडमला बोलावलं."

या वेळी अंबाजींनी हात सोडवून घेतला नाही. चैतालीनं बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा उमटला. चारशे ऐंशी.

"किती वर्षं आहे साखर, काका?"

अंबाजींनी मशीनवरच्या आकड्याकडं पाहिलं.

"आट वर्सं," अंबाजी म्हणाले. मग थांबत थांबत, दोन शब्दांमागं एक श्वास घेत सांगू लागले. "गावातनं तिगं आले व्हते हितं. तिगांच्या बी कागदावर साखर लिवली व्हती. एक बी माघारी आला न्हाई. मला वाटलं... लिवलंच न्हाई तर..." त्यांनी दम घेतला. "गोळ्या घरीच ठिवल्या. बायकोला बी सांगितलं, बोलू नको."

तीन दिवस चैताली या माणसाला स्टेरॉइड देत होती. त्या औषधानं साखर चढते. आणि चढलेली साखर या आजारात माणसाला कुठं नेऊन ठेवते, ते तिनं महिनाभर रोज पाहिलं होतं.

गंगी अंबाजींकडं वाकली. "ते तिगं आले तवा मी हितंच व्हते, भाऊ. घरी लय दिस काढून आलते. बोटाचं आक्सिजनचं मशीन साठ दावत व्हतं. तुमचं शयाऐंशी हाय." तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण मशीनवरचे आकडे ती आता लांबूनही ओळखायची. "त्यांची साखर कागदावर व्हती म्हनून ते गेले न्हाईत. उशीर झालता. तुमाला अजून न्हाई झाला."

अंबाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गालावरून मास्कच्या कडेला साचलं. गंगीनं कापसाचा बोळा घेऊन पुसलं.

अर्ध्या तासात इन्शुलिन सुरू झालं. चैतालीनं दर दोन तासांनी साखर बघितली. त्यांना पालथं झोपवायचं होतं, तेव्हा एका बाजूनं सिस्टर आणि दुसऱ्या बाजूनं गंगी उभी राहिली. पहिले दोन दिवस काहीच सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी साखर दोनशेच्या खाली आली. पाचव्या दिवशी ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णववर जाऊन थांबला. सातव्या दिवशी अंबाजींनी मास्क बाजूला करून घरी बायकोला फोन लावला.

"नंदा, माज्या गोळ्या पाटवून दे. आनि इचारंल त्याला सांग, मला साखर हाय म्हनून."

फोन ठेवून त्यांनी खाटेखाली झाडणाऱ्या गंगीकडं पाहिलं. "गंगूबाई, तुमी त्या दिशी गप बसला असता तर?"

"माजं कामच हाय ते," ती म्हणाली. "पाय वर घ्या."

त्या सकाळी चैताली राउंडला निघाली. सोबत सिस्टर होती, हातात केसपेपरांची चळत होती. पाच-सहा खाटा झाल्यावर ती थांबली, मागं वळली आणि थेट गंगीजवळ गेली.

"मावशी, आज कुणाबद्दल काही वाटतंय?"

हॉलमधल्या दोन-तीन माना वळल्या. गंगीनं आधी मागं पाहिलं, दुसऱ्याच कुणाला विचारलंय की काय म्हणून. मग तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि आवाज खाली आणला.

"त्यो अकरा नंबरचा पोरगा. हसतोय, फोनवर गप्पा मारतोय. पन बोलता बोलता मदीच दम घ्यायला थांबतोय, म्याडम. काल न्हवता थांबत."

चैतालीनं केसपेपर सिस्टरच्या हातात दिले आणि ती अकरा नंबरकडं निघाली.