तिसरा फोन

कपाच्या तळाशी हिरवट साय धरली होती. काकांनी रबरी हातमोजे चढवले, तोंड फिरवलं आणि कप सिंकमध्ये उपडा केला. तळाचा गोळा सुटून भदकन पडला, तसा त्यांनी नळ पूर्ण सोडला.

"शी! माणसं आहेत की कोण!" ते एकटेच बोलले.

हॉलमध्ये टीपॉयवर कापलेली नखं. बेसिनच्या जाळीत केसांचा बोळा, वर साबणाचा फेस वाळलेला. पलंगावर ओला टॉवेल, तोही उशीवर. सोफ्याखाली परवाची बशी आणि तिच्यावर खरवडूनही निघणार नाही असा अंड्याचा बलक. दोघंही शिकलेली, दोघंही बड्या नोकरीत. सकाळी नऊला जिना उतरताना बघावं तर कपड्याला एक सुरकुती नाही. आणि मागे हा उकिरडा. बोळा चिमटीत धरून बाहेर ओढताना काकांना ओकारीच यायची बाकी होती.

भाड्याचं का असेना, याच तीन खोल्यांत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. काकू होत्या तेव्हा या बेसिनमध्ये केस सोडाच, पाण्याचा डागसुद्धा दिसत नसे. ते आठवलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पोरांना ते एका शब्दाने कधी बोलले नव्हते. गुपचूप आवरायचं आणि गप्प बसायचं. मागे एकदा फ्रिजवर पोरीने नवऱ्यासाठी चिठ्ठी लावली होती, 'कप धुतलेस, थँक्यू.' खाली त्याने लिहिलं होतं, 'मी कुठे? तूच धुतलेस.' ते वाचून काका पोट धरधरून हसले होते.

आज फ्रिजवर निराळीच चिठ्ठी होती. 'अकराला लॉकवाला. जुन्या चाव्या पुसून नव्या करणार.'

ती वाचल्यापासून काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चावी म्हणजे काही हातात धरायची वस्तू नव्हे. फोन लॉकजवळ नेला की दार उघडायचं. ज्याचा फोन लॉकच्या यादीत, तो आत. यादी पुसली की काकांचा फोनही जाणार, आणि पोरं काही तो आठवणीने परत घालणार नव्हती. म्हणजे उद्यापासून काका जिन्यावर. या घरावाचून दिवस काढायचा, हा विचारच त्यांना सहन होईना. लॉकवाला आला की त्याच्याकडून आपला फोन नव्याने घालून घ्यायचा, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

बरोबर अकराला बेल वाजली. काकांनी दार उघडलं. पन्नाशीचा माणूस, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"बरं झालं, घरी आहात काका. सवयीने बेल दाबली," तो म्हणाला. मग दारातच बसकण मारून त्याने पेचकसाने कान कोरला आणि त्याच पेचकसाने लॉकचं झाकण उचकटलं. काकांना शिसारी आली. पण गरज त्यांची होती, म्हणून त्यांनी नुकताच घासलेला ग्लास भरून पाणी आणलं.

"मॅडमची तक्रार आहे," लॉकवाला घोट घेत म्हणाला. "दोघं नऊला जातात आणि लॉक रोज साडेनऊला दार उघडल्याचं दाखवतं. लॉक बिघडलंय म्हणे."

"साडेनऊला मी येतो. फिरून."

लॉकवाला खो खो हसला. "घ्या! म्हणजे बिचाऱ्या लॉकवर उगाचच आळ. सूनबाईंना घरातलं माणूसच आठवेना होय!"

"हल्ली कोण कोणाकडे बघतंय," काका म्हणाले.

"तेही खरंच आहे. आमच्याकडे तरी काय वेगळं आहे?"

"यादी पुसायचीच असली तर पुसा. फक्त माझा फोन लगेच परत घाला. म्हातारपणी जिन्यावर ताटकळणं होत नाही."

लॉकवाल्याने आपल्या फोनवर यादी उघडली. "साहेब, मॅडम, आणि हा तिसरा. तुमचाच ना?"

"माझाच." काकांनी फोन पुढे केला.

"घालतो की. पण माझ्या कागदावर दोनच फोन लिहिलेत. मॅडमना विचारून घेतो."

"ऑफिसात असेल ती. कशाला तिला कामात त्रास?"

"अर्धं मिनिट, काका. उद्या माझ्यावर शेकायला नको. आणि लॉक ठणठणीत आहे, हेही सांगून टाकतो."

काकांनी हातमोजे काढले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. ते उंबऱ्याकडे सरकले, पण लॉकवाला पिशवी पसरून नेमका दारातच बसला होता.

त्याने नंबर लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू करून फोन मांडीवर ठेवला.

"मॅडम, लॉकवाला बोलतोय. लॉकला काही झालेलं नाही. तुम्ही दोन फोन म्हणालात, पण यादीत तिसराही आहे. काकांचा. तो ठेवायचा ना?"

"कोण काका?" पलीकडून पोरगी घाईघाईने म्हणाली. "तो आधीच्या भाडेकरूचा राहून गेला असेल. दोन वर्षं झाली त्यांना घर सोडून. शी, पुसून टाका आधी! आणि दिवसा आमच्या घरात कोणीच नसतं हो, म्हणून तर तुमच्या फोनवर तासाभराची चावी पाठवली होती!"