भिजलेली काडीपेटी

“अजी, काडीपेटी भिजली,” मोटारीच्या मागच्या दारातून डोकं बाहेर काढून विमलताईंनी सांगितलं.

विठ्ठलराव त्या वेळी मोटारीचं मागचं चाक आणि पैनगंगा यांच्या मधे उभे होते. दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या टाकलेल्या. फळ्यांवर सरकारी मोटार, मोटारीत संसार. चाक वीतभर सरकलं होतं. त्यांनी खाली दगड लावला. दगड पुरेना, तेव्हा तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा लावला. योजना त्या भागात प्रथमच कुणाच्या उपयोगी पडली.

“पुन्हा भिजली?”

“मंग? पान्यावर हाओत ना आपन.”

“साहेब,” ड्रायव्हर खेमसिंग पुढून म्हणाला, “माह्या आजानं याच नदीतून बैलायच्या पाठीवर मीठ नेलं. ते मीठ भिजलं नाही इतकी तुमची काडीपेटी भिजून राह्यली.”

एकसष्टच्या पावसाळ्यात नदीनाल्यांनी गावांना असं वेढलं होतं, की गावांची बेटं झाली होती. बेटाबेटावर जाऊन योजना समजावून सांगणं हे विठ्ठलरावांचं काम. मोटारीच्या टपावर कर्णा; आत एक बाज, एक शेगडी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे. जिल्ह्याच्या साहेबांचा हुकूम स्पष्ट होता. सभेला दोनशे माणसं. एकही सभा कमी भरली तर मोटार जमा, विठ्ठलराव कचेरीत जावकाच्या टेबलावर, आणि विमलताई परत दिग्रसला. दिग्रसच्या घरात सासू, तीन जावा आणि एक चूल होती. अकरा वर्षांच्या संसारात विमलताईंना स्वतःची शेगडी आता कुठे मिळाली होती, तीही चार चाकांवर.

तसा दौरा झकास चालला होता. टप गळत होता, पण बाजेच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे नवराबायको दोन कडांना सुखानं झोपत. कर्ण्यात चिमणीनं घरटं केलं होतं. ते काढेपर्यंत योजनेची घोषणा चिवचिवाटासह झाली. चार बेटं झाली आणि चारही सभा तुडुंब भरल्या. याचं कारण विठ्ठलरावांना ठाऊक होतं. कॉलेजात असताना त्यांना वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं.

खटकायची ती एकच गोष्ट. दर बाजारात ते नवी काडीपेटी आणून देत आणि दर वेळी नदी ओलांडताना ती भिजे. मग विमलताई अर्धी गोवरी हातात घेऊन गावात इस्तो मागायला जात. विस्तव आणायचं काम पाच मिनिटांचं. त्या तासाभरानं येत; खापरावर निखारा, आणि वाऱ्यानं तो विझू नये म्हणून पदर आडवा धरून दोन-तीन बाया सोबत. सरकारी माणसाची बायको दारोदार हिंडते, यात सरकारचं हसं होतं, असं विठ्ठलरावांचं मत होतं.

पाचव्या बेटावर उतरताच त्यांनी याचा बंदोबस्त केला. डोंगेवाल्यानं मुंडाशात कोरडी ठेवलेली काडीपेटी मागून घेतली आणि स्वतः शेगडी पेटवली.

“घे. आता कुठी जाऊ नको.”

विमलताई लाल कोळशांकडे पाहत राहिल्या. “काहून पेटवली?”

“काहून म्हंजे? चहा ठेव.”

त्यांनी चहा ठेवला. डोंगेवाला काडीपेटीसकट पलीकडे निघून गेला.

पाच वाजता कर्णा सुरू झाला. सहा वाजले तरी सभेला खेमसिंग आणि चार बकऱ्याच होत्या. बकऱ्यांनी मन लावून ऐकलं. एकीनं तर अख्खं माहितीपत्रक पचवलं. गाव शंभर पावलांवर होतं. पण सरकारी कर्णा वाजला की दार लोटून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत होती. विठ्ठलरावांचा आवाज बसत चालला. डोळ्यांपुढे जावकाचं टेबल दिसू लागलं, त्याच्या हलणाऱ्या पायासकट.

तेवढ्यात मोटारीत ‘छस्स’ असा आवाज झाला.

“अजी, चहा उतू गेला. शेगडी इझली.”

“इझू दे!” विठ्ठलराव कर्ण्यातूनच ओरडले. सबंध बेटानं ते ऐकलं.

विमलताईंनी गोवरी घेतली आणि गावाची वाट धरली.

तासाभरानं त्या आल्या. सोबत निखारा आणि तीन बाया. बायांमागे पोरं, पोरांमागे चाकावरचं घर बघायला म्हाताऱ्या, आणि आपल्या घरच्या बाया गेल्या कुठे हे पाहायला आलेले गडी.

“बाई, तुमी यातच निजता?” एकीनं आत डोकावून विचारलं.

“हो.”

“अन् सासू?”

“सासू दिग्रसले.”

“लय चांगली गाडी हाये वं बाई!”

साडेसातला खेमसिंगनं मोजली, तीनशे माणसं भरली. विठ्ठलराव सव्वा तास बोलले.

“शेवटी, खेमसिंग,” नंतर घाम पुसत ते म्हणाले, “विचारात दम असला की मानूस येतेच.”

“हो, साहेब,” खेमसिंग म्हणाला.

सकाळी मोटार पुन्हा डोंग्यांवर चढली, सहाव्या बेटाकडे. विठ्ठलरावांचा घसा पार बसला होता. गुळाचा खडा शोधताना त्यांचा हात मधल्या फळीवरच्या मिठाच्या डब्याला लागला. डबा खुळखुळला. मीठ खुळखुळत नाही. त्यांनी झाकण काढलं. आत मेणकापडात गुंडाळलेल्या पाच काडीपेट्या होत्या. कोरड्या ठणठणीत.

बाहेर डोंग्यांवरच्या फळीवर पाय सोडून विमलताई नदी बघत होत्या. काहीतरी गुणगुणत होत्या. दिग्रसला त्या गुणगुणल्याचं विठ्ठलरावांना आठवेना.

“साहेब,” पुढून खेमसिंगनं विचारलं, “आज काडीपेटी कशी हाये?”

विठ्ठलरावांनी झाकण घट्ट दाबून बसवलं.

“भिजली,” ते म्हणाले, आणि पाणी लागू नये म्हणून डबा आणखी एक फळी वर ठेवून दिला.