लांबून दिसणारा रंग

“खाकी घे, बाई. खाकी कशावरही चालते,” म्हणत हरिदासनं टोपी पुढं केली.

रिनानं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. “खाकी नाई, भाऊ. झाडीत दिसत नाई ते.”

सिंदेवाहीच्या बाजारात हरिदास तीस वर्षं टोप्या विकत होता. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण न शोभणारी टोपी आपल्या दुकानातून जाऊ नये, असा त्याचा स्वभाव. त्यानं रिनाला बसायला पोतं दिलं. तिची सहा वर्षांची पिंकी मात्र आईचा पदर धरून उभीच राहिली.

“कोनासाठी पायजे?”

“हिच्या बाबासाठी.” रिनानं पिशवीतून नवऱ्याचे कपडे काढून ताडपत्रीवर मांडले. एक निळ्या चौकड्यांचा शर्ट, एक मातकट, एक पांढरा. एक काळी पॅन्ट, एक तपकिरी. “एवढेच आहे. या सगळ्याइवर जमली पायजे. रंग नाई जमला तं फेकून देते ते. अन मले त्यायनं रोज घातलेली पायजे. एक दिवसबी चुकून नाई चालत.”

“लय शौकीन दिसते धनी.”

रिना हसली नाही. “आमचं घर गावाच्या शेवटी आहे, भाऊ. मांगं बांबूचं रान. मागच्या हप्त्यात तिथी वाघाचे पंजे दिसले. हे राईस मिलमधून सांजच्या पारी बांधानं एकटेच येते. ते येतपर्यंत माहा जीव थाऱ्यावर राह्यत नाई.”

हरिदासला पुढचं विचारावं लागलं नाही. पंधरा दिवसांपूर्वीच नाल्याजवळ गवत कापणारी एक बाई वाघानं नेली होती. भीती वाटते म्हटलं, की कशाची, हे इकडे कुणी विचारत नाही.

“पाय वाजत नाई त्यायचा,” रिना हळूच म्हणाली. “दारात येऊन उभे राह्यले तरी कळत नाई.”

“हे बेकार आहे. जंगलाच्या कडेनं मानसानं खोकत यावं, गानं म्हनत यावं. सांग त्याले.”

“माहं ऐकत नाई ते.”

हरिदासनं मान हलवली आणि टोप्यांच्या ढिगात हात घातला. “पांढरी लांबून दिसते. पन पांढरी घातली का लोक सरपंच समजून रस्ता मांगतीन. लाल दिली तं बैल मांगं लागन. थांब. बेटा, तू इकडे ये. या शर्टात किती रंग आहे, सांग बरं.”

पिंकीनं आईकडे पाहिलं, मग शर्टाकडे. “निळा. पांढरा.”

“अजून बघ. घाई नाई.”

ती वाकली. तिनं चौकडीवरून बोट फिरवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, “पिवळा. बारीकसा.”

“शाब्बास. कपड्यात जो रंग थोडासा असते ना, तो टोपीत घ्यावा. मंग टोपी उसनी आनल्यासारखी नाई वाटत.” त्यानं हळदीसारखी पिवळी टोपी काढून एकेका शर्टावर ठेवली. निळ्यावर जमली. मातकटावर खुलली. पांढऱ्यावर तर काहीही चाललं असतं.

“लांबून दिसन?” रिनानं विचारलं.

“बघून घे ना.”

हरिदास तीन टोप्या घेऊन रस्त्यानं चालत गेला. सायकलच्या दुकानापाशी थांबून त्यानं एकेक टोपी डोक्यावर धरली. हिरवी मागच्या झाडांत विरून गेली. खाकी धुळीत. पिवळी धरली तशी पिंकी म्हणाली, “ते दिसली.”

“अजून मांगं जा, भाऊ,” रिनानं हात केला.

तो मागं गेला.

“अजून.”

तो वळणापर्यंत गेला. पिवळा ठिपका तिथूनही दिसत होता. रिना त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे ओठ हलत होते, जणू ती मनात आकडे मोजत होती.

हरिदास परत आला, तेवढ्यात शेजारच्या भांडेवाल्याच्या हातून परात पडली. मोठा आवाज झाला. पिंकी कुठे दिसेना. हरिदासनं वाकून पाहिलं. ती त्याच्या टोप्या मांडलेल्या फळीखाली शिरली होती. रडत नव्हती. स्वतःच्याच हातानं तिनं तोंड दाबून धरलं होतं.

“काय करून ठेवलं या वाघानं लेकराइचं,” तो पुटपुटला.

रिनानं तिला बाहेर काढलं, गुडघे झटकले. “घरी गेल्यावर बाबाले सांगजो, टोपी तूच पसंत केली म्हनून. मी नाई.”

पिंकीनं मान डोलावली.

“आता कायले भेतं, बाई,” हरिदास टोपी कागदात गुंडाळत म्हणाला. “एवढा रंग पाहून वाघ आपल्या रस्त्यानं जाईन. रोज घाल म्हना मात्र.”

रिनाच्या नवऱ्याला, धनराजला टोपी आवडली. आरशात त्यानं ती दोनदा घालून पाहिली. पहिल्या दिवशी निळ्या शर्टावर घातली, दुसऱ्या दिवशी मातकटावर. रिना रोज संध्याकाळी सूप घेऊन अंगणात बसायची. हात तांदळात आणि नजर बांधाच्या टोकाला.

चौथ्या दिवशी ऊन उतरत असताना बांधाच्या वळणावर पिवळा ठिपका दिसला. तो आज हळू येत होता. बांधाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला झोकांडत होता.

रिनानं सूप खाली ठेवलं आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली. पिंकीला हाक मारावी लागली नाही. ती चपला हातात घेऊन मागच्या दाराशी उभी होती.

टोपी घरापुढच्या हातपंपापर्यंत यायच्या आत दोघी वाघाचे पंजे उमटलेल्या त्या बांबूच्या रानात शिरल्या आणि धनराज झोपेपर्यंत तिथंच दबून बसल्या.