पोस्टरमधला आवाज

परिषदेत आता पोस्टरंच संशोधकाच्या आवाजात प्रश्नांना उत्तरं द्यायची. मृण्मयी महिन्यापूर्वी अपघातात गेली. आवाजाचा नमुना तिने आधीच दिला होता, म्हणून तिचं खेकड्यांवरचं पोस्टर तिच्या सहकारी शाल्मलीने पूर्ण करून लावलं.

दुपारी मृण्मयीचे वडील आले. पोस्टरसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "मनू, कशी आहेस?"

"कृपया संशोधनाविषयी विचारा," मृण्मयीचा आवाज म्हणाला.

शाल्मली ओशाळली. "काका, त्याला तेवढंच बोलता येतं."

त्यांनी मान हलवली, चष्मा लावला आणि सगळं पोस्टर सावकाश वाचून काढलं. मग विचारलं, "भरती आली की खेकडे बिळाचं तोंड का बुजवतात?"

आवाज उत्साहाने समजावू लागला. तो थांबला की ते पुढचा प्रश्न विचारत राहिले.