मोठे अकरा स्टिकर

"चिमटा," शिगेकी म्हणाला, आणि सुझुनाने तो सराईत नर्सच्या थाटात त्याच्या हातात ठेवला.

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर गणिताची पेटी उघडून पसरली होती. मोजायच्या काड्या, फुलांच्या आकाराच्या टिकल्या, पत्ते, फासे, मिळून तीनशेच्या वर नग. एकूण एक नगावर मुलाचं नाव हवं, असा शाळेचा नियम. शिगेकी विजेच्या खांबांवर चढणारा गडी, बोटं केळ्यासारखी जाड. आणि स्टिकर तांदळाच्या दाण्याएवढे.

सुझुनाची आई योशिए म्हणाली होती, द्या इकडे, मी लावते. पण ऐकेल तर तो शिगेकी कसला! हे काम बापाचंच, असं त्याने ठासून सांगितलं आणि मग स्वतःच जरा ओशाळला. कारण सुझुना त्याला अजून काकाच म्हणायची.

तिचा बाप ती दोन वर्षांची असताना गेला. गेल्या शरदात योशिएने शिगेकीशी लग्न केलं. बालवाडीत ती शेवटपर्यंत हारादा सुझुनाच राहिली. आता एप्रिलपासून, पहिलीत, शिगेकीचं आडनाव लावून कुझुमी सुझुना होणार होती. हे नाव छापलेले स्टिकर आले तेव्हा शिगेकीने तो कागद कामावर, वीज कंपनीच्या डेपोभर मिरवला. वाकून वाकून सगळ्यांना दाखवला. फोरमन नुमाता म्हणाला, "अरे, जणू लॉटरीच लागलीय याला." लागलीच होती, त्यात खोटं काय?

"पत्र पुन्हा वाचा ना, काका," सुझुना म्हणाली.

त्याने शाळेचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. "जी वस्तू तुमची आहे आणि हरवू नये असं वाटतं, तिच्यावर नाव लावा. नाव नसलेल्या वस्तूची जबाबदारी शाळा घेणार नाही."

सुझुनाने गंभीरपणे मान हलवली.

त्या दुपारी एकच गोष्ट त्याला खटकली. बालवाडीतल्या पेल्यावर जुनं नाव होतं. त्यावर नवा स्टिकर लावायला तो गेला, तर पोरीने पेला छातीशी धरला. "याला नको," एवढंच म्हणाली. शिगेकीने हात मागे घेतला. राहू दे, तेही तिचंच नाव आहे, असं त्याने मनाला समजावलं. समजावलं खरं, पण मन ऐकेना.

पुढच्या रविवारी मोठे स्टिकर काढले. पाण्याने न निघणारे, बुटांना, छत्र्यांना लावायचे. अख्ख्या कागदावरचे अकरा गायब होते.

"सुझुना, हे कुठे गेले गं?"

"लावले."

"कशाला?"

"माझ्या वस्तूंना." आणि ती खेळायला पळाली.

त्याने दप्तर पाहिलं, रेनकोट पाहिला, बूट पाहिले. मोठा स्टिकर एकावरही नव्हता. फेकले असणार पोरीने. लादलेलं नाव, तिला नकोसं झालं असेल तर तिचा काय दोष? योशिएला विचारलं, तर ती भांडी घासता घासता म्हणाली, जाऊ द्या हो, अकरा स्टिकरांनी काय होतंय. तिची पाठ त्याच्याकडे होती, त्यामुळे चेहरा काही दिसला नाही.

डेपोत त्याचं लक्ष लागेना. तिथली मंडळीही विचित्र वागत होती. त्याची पाठ वळली की हसू फुटायचं. आदल्या आठवड्यात तो थर्मास कामावर विसरला होता, त्याचीच टवाळी असणार. नुमाताने त्याच्या हेल्मेटवर मागून टिचकी मारली. "आता तू हरवलास तरी फिकीर नाही, कुझुमी."

शिगेकी कसनुसं हसला.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. तो काळा सूट घालून दारात उभा होता, तेवढ्यात सुझुना म्हणाली, "काका, खाली वाका. कॉलर दुमडलीय." त्याने वाकून मान पुढे केली. तिने बराच वेळ खटपट केली, इवल्या तळव्याने थोपटलं. एवढ्यानेही गडी फुलून गेला. योशिए खोकल्यासारखं करून आत निघून गेली.

शाळेच्या दाराशी सगळ्यांनी बूट काढले, घरून आणलेल्या सपाता घातल्या. सभागृहात बाईंनी एकेका मुलाचं नाव पुकारलं.

"कुझुमी सुझुना."

"हजर!" असा खणखणीत आवाज आला की पुढच्या रांगेतल्या आज्या वळून बघायला लागल्या. शिगेकीचा ऊर भरून आला. मग लगेच मनात आलं, आईने पढवलं असेल. पढवलं असलं तर असू दे. त्याने डोळे पुसले ते पुसलेच.

कार्यक्रम संपला. फाटकाशी फोटो काढायला योशिए आणि सुझुना पुढे गेल्या. शिगेकी बुटांपाशी आला आणि कपाळाला हात लावला. शंभर बाप, शंभर काळे बूट, सगळे एकसारखे. जो तो वाकून आपले शोधत होता, दुसऱ्याचे घालून बघत होता.

एका म्हाताऱ्या आजोबांनी एक जोड उचलून टाचेकडून न्याहाळला, आणि मोठ्याने विचारलं, "कुझुमी सुझुना कोण? पहिलीतली ना? पाय चांगलेच मोठे आहेत हो पोरीचे!"

लोक हसले. शिगेकी पुढे झाला. जोड त्याचाच होता. दोन्ही टाचांवर, मागच्या बाजूला, एकेक मोठा स्टिकर जरासा तिरका चिकटवलेला होता. त्याने बूट हातात घेतले. घालायला तो खाली वाकला.

"थांबा जरा," आजोबा त्याच्या पाठीमागून म्हणाले. "तुमच्या कॉलरवरही तेच नाव आहे."